रँब्लरचं मागचं दार

१

न्यू मेक्सिकोतल्या एस्पान्योलाच्या खोऱ्यात गाडी सजवणाऱ्या प्रत्येकाला दोन दारांचीच गाडी हवी असते. लांब नाक, दोन दारं आणि जमिनीला पोट टेकेल इतकी खाली बसवलेली. बाकीच्या गाड्या म्हणजे भंगार. डेल्फिनो त्रुहियोची तऱ्हा मात्र पहिल्यापासून उलटी. लोकांनी नाकं मुरडलेल्या गाड्या तो शोधून आणायचा. चार दारांच्या, पोरंबाळं, कोकरं आणि मिरचीची पोती वाहून म्हाताऱ्या झालेल्या. त्यांचा पत्रा सरळ करायचा, बूड खाली आणायचा, रंगाचे थर चढवायचा. आतली सीटं त्याची बायको लिओकाडिया शिवायची.

"देखण्या पोरीला कोणीही नटवेल," तो म्हणायचा. "ही माझी थोराड, बसक्या नाकाची पोरगी नटवून दाखवा!"

"माझ्याकडे बघून बोलू नकोस," शिलाई मशीनवरची मान न उचलता लिओकाडिया म्हणायची.

यंदा शेडमध्ये उभी होती ती जुनी चार दारांची रँब्लर घरचीच, लिओकाडियाच्या आईची. सगळे अदबीने डोन्या म्हणत त्या क्लेओफासला गाडी चालवता येत नसे, पण मालकीही सोडवत नसे. लग्नाआधीपासून डेल्फिनो तिचा बिनपगारी ड्रायव्हर. पुढे त्याच्या शेजारी, उजवीकडे, लिओकाडिया आणि तिच्या मागे सासूबाई, डोक्यावर काळी शाल, गाडी लागू नये म्हणून मुठीत पुदिन्याची पानं. त्यांच्या हातून दार एका झटक्यात कधी लागलंच नाही. आधी हलका धप्प, मग स्वतःशी पुटपुटणं, मग पुन्हा उघडून जोरात धाड. नवराबायको मधुचंद्राला आल्बुकर्कला निघाले तेव्हासुद्धा मागे धप्प आणि धाड झालंच. जावयाने आयुष्यभर या गोष्टीची टिंगल केली आणि आयुष्यभर गाडी चालवली. म्हातारी गेली तेव्हापासून रँब्लर जर्दाळूच्या झाडाखाली उभी होती.

शरद ऋतूत, मिरच्या भाजायच्या दिवसांत, लिओकाडियाने ती मागितली. तिची मूत्रपिंडं केव्हाच थकली होती. एक दिवसाआड डेल्फिनो तिला गावातल्या दवाखान्यात डायलिसिसला नेई, आणि घरी येताना ती खिडकीला डोकं टेकून गप्प बसे.

"फिनो, आईची गाडी कर," ती म्हणाली. "गुड फ्रायडेला तिच्यातून चिमायोच्या देवळात जाऊ. तोवर मी त्या खुर्चीत बसेन, नळ्या लावून घेईन. त्यानंतर नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. पुरे झालं."

डेल्फिनोने बराच वेळ हातातली मिरची सोलली. मग विचारलं, "आणि गाडी तोवर झाली नाही तर?"

लिओकाडिया हसली. त्याचा डाव तिला कळला नसेल असं नाही. "तर पुढच्या गुड फ्रायडेपर्यंत बसेन. शब्द देते."

२

आणि चालढकल सुरू झाली. जो माणूस एका हिवाळ्यात दोन गाड्या उभ्या करायचा, तो एका बंपरपाशी पंधरवडा घालवू लागला. सरळ पत्र्यात खोट काढायची, ती ठोकायची, पुन्हा घासायचं. तरीही नाताळ उलटला तेव्हा गाडी पुढे सरकलीच होती. पन्नास वर्षांची सवय हातांना स्वस्थ बसू देत नव्हती.

गाड्या सजवणाऱ्यांच्या क्लबातला जुना दोस्त टेलेस्फोर एकदा शेडमध्ये डोकावला. "चार दारं? अरे गाडी करतोयस की शाळेची बस?"

एरवी डेल्फिनोने त्याला चार शब्द सुनावले असते. या खेपेला तो गाडीभोवती फिरला, मागच्या दारांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "खरंय तुझं. दोनच ठेवू."

टेलेस्फोरच्या तोंडची सिगारेट पडायची बाकी राहिली. "तू? तू म्हणतोयस हे?"

मागची दारं वेल्डिंगने कायमची बंद करायची, हँडलं काढून भोकं बुजवायची, फटी भरायच्या आणि पत्रा असा सपाट करायचा की इथे दार होतं हे सांगूनही पटू नये. हे काम नीट करायचं तर महिने जातात. डेल्फिनोला महिनेच हवे होते. त्या संध्याकाळी तो कितीतरी दिवसांनी शीळ घालत घरात आला.

काम लागोपाठ चाललं. दोन्ही दारं वेल्ड करून, पुट्टी भरून झाली तेव्हा लिओकाडिया शाल पांघरून शेडमध्ये आली. मागच्या सीटचं माप घ्यायचं होतं तिला. उजव्या बाजूच्या त्या कोऱ्या, राखाडी पत्र्याकडे तिने पाहिलं.

"आणि आई कुठून बसणार?"

स्वयंपाकघरातून मीठ संपलं का विचारावं तितक्या सहज विचारलं. डेल्फिनो खो खो हसला. "सासूबाईंना एकदाचं बाहेर ठेवलं! एवढ्या वर्षांनी जमलं बघ मला."

लिओकाडिया हसली नाही. पुढच्या दारातून वाकून तिने मागचं माप घेतलं आणि टेप गुंडाळत निघून गेली.

३

दुसऱ्या आठवड्यात उजव्या बाजूला भेग दिसली. केसासारखी बारीक. जुन्या दाराच्या फटीवरून वर चढून खिडकीपाशी वळलेली.

डेल्फिनोला त्यात काही विशेष वाटलं नाही. पुट्टी आकसते. रात्री पाणी गोठतं, दुपारी ऊन तापतं, पत्रा ताणतो, पुट्टी ताणत नाही. उलट त्याचा जीव भांड्यात पडला. भेग म्हणजे पुन्हा काम, पुन्हा दिवस. त्याने सगळी पुट्टी खरवडली, जोड तपासला, वेल्डिंग पक्कं होतं. पुन्हा भरलं, पुन्हा घासलं.

भेग पुन्हा आली. तीच, तिथेच. डाव्या बाजूला तेच साहित्य, तेच हात, तीच थंडी, आणि तिथे कुठे नखाएवढीही रेघ नाही.

तिसऱ्यांदा भरल्यावर त्याने प्रायमर मारला आणि सकाळी पाहायला आला. भेग होतीच. शिवाय जिथे हँडल असायचं तिथे प्रायमरवर एक तुकतुकीत डाग पडला होता, वर्षानुवर्षं हात लागून कठडा गुळगुळीत होतो तसा. डेल्फिनोने आपली बोटं पाहिली. ती कोरडी होती. मांजर, तो मनाशी म्हणाला. मांजर अंग घासून गेलं असेल. डाग जवळजवळ त्याच्या कमरेएवढा उंच होता. मांजर एवढं उंच कसं, हा प्रश्न त्याने स्वतःला विचारला नाही.

४

डायलिसिसनंतरच्या दुपारी लिओकाडिया गाढ झोपे. डेल्फिनो तेव्हा स्वयंपाकघरात बसून तिच्यासाठी काहीतरी रांधी. बटाटा नाही, टोमॅटो नाही, शेंगदाणे नाहीत. डॉक्टरांनी चवीचं म्हणून जे काही असतं ते सगळं बंद केलं होतं. त्या दुपारी तो कोबी चिरत होता. शेडच्या बाजूने आवाज आला.

धप्प.

सुरी थांबली. घरात शांतता होती. मधल्या खोलीतून लिओकाडियाचा श्वास ऐकू येत होता.

मग, कोणीतरी पुटपुटायला जेवढा वेळ लागतो तेवढा जाऊ दिल्यासारखा, दुसरा आवाज. धाड.

शेजारच्यांचा ट्रक असेल. वारा असेल. शेडचा पत्रा कडाडला असेल. प्रत्येक कारण खरं वाटण्याजोगं होतं आणि डेल्फिनोने एकेक करून सगळी तपासली. शेजारचा ट्रक जागेवर नव्हता. जर्दाळूची फांदीही हलत नव्हती. तो अंगण ओलांडून शेडमध्ये गेला.

रँब्लर होती तशी उभी होती. मागची दारं वेल्ड केलेली. पुढची दोन्ही दारं रंगासाठी काढून त्याने स्वतः भिंतीवरच्या आकड्यांना टांगली होती. म्हणजे त्या गाडीला त्या घडीला बंद होण्याजोगं एकही दार नव्हतं.

तो तसाच उभा राहिला. थिनरचा, पुट्टीचा, गंजाचा ओळखीचा वास. आणि त्या सगळ्याच्या खालून, अगदी पुसट, पुदिन्याचा.

त्याच्या अंगावर काटा आला. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा त्याला वाटली ती भीती नव्हती, चीड होती. लग्नानंतर कितीदा तरी वाटली होती तीच चीड: ही बाई जरा उसंत देईल तर शपथ!

घरात आला तेव्हा लिओकाडिया अर्धवट जागी होती. "आली का?" तिने झोपेतच विचारलं.

"कोण?"

पण ती पुन्हा झोपली होती.

५

मार्चमध्ये त्याने रंग दिला. रंग दिला म्हणजे द्यावाच लागला. टेलेस्फोर येऊन जाऊन विचारायचा आणि लिओकाडिया शिवलेली सीटं घेऊन बसली होती. त्यात पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने गाडी बघून तोंडात बोट घातलं होतं. गडद वाइनचा रंग, थरावर थर आणि त्यावर लाख. भेग रंगाखाली गेली. डेल्फिनो रोज सकाळी डोळ्यात तेल घालून उजवी बाजू पाही. रंग अखंड होता. त्याला वाटलं, संपलं.

आता उरलं होतं पॉलिश. तेही त्याने लांबवलं. त्या दुपारी उन्हाचा पट्टा शेडमध्ये लांबवर आला होता आणि तो उजव्या बाजूला उकिडवा बसून मऊ फडक्याने गोल गोल घासत होता. लाखेत हळूहळू सगळं दिसू लागलं. शेडचं दार, बाहेरचं अंगण, जर्दाळूला आलेला गुलाबी मोहोर, आणि त्याचा स्वतःचा पांढऱ्या मिशांचा चेहरा.

त्याच्या खांद्यामागे कोणीतरी उभं होतं.

बुटकं. डोक्यावर काळं काहीतरी. चेहऱ्याच्या जागी लाखेचा पत्रा जरा वाकलेला होता, त्यामुळे चेहरा लांबत, तुटत गेलेला. पण उभं राहण्याची ढब त्याच्या पुरत्या ओळखीची. एका पायावर भार, दुसरा गुडघा वाचवलेला, आणि उजवा हात पुढे, हँडल शोधत. हात पत्र्यावरून चाचपडत खाली आला, वर गेला. राग नव्हता त्यात. बंद दारापुढे भर थंडीत उभ्या राहिलेल्या म्हातारीची नुसती गडबड होती.

डेल्फिनोने मागे वळून पाहिलं. शेडमध्ये उन्हाचा पट्टा होता, आणि धूळ.

तो उठला नाही. पत्र्याकडे तोंड करूनच त्याने ओठ ओले केले.

"अजून नाही, डोन्या," तो म्हणाला. "तुमच्या पाया पडतो. अजून नाही. आणखी एक वर्ष द्या."

त्याच्या डोळ्यांदेखत, लाखेच्या आत, ती केसासारखी रेघ खालून वर चढू लागली.

६

त्या रात्री जेवताना तो ताटातलं नुसतं चिवडत बसला. लिओकाडियाने आपली थाळी बाजूला सारली.

"फिनो, भेग तू पाडत होतास का? खरं सांग. दिवस वाढवायला?"

"दारं बंद केली ती दिवस वाढवायला," तो म्हणाला. आता लपवण्यात काय अर्थ होता? "बंपर, पॉलिश, सगळं त्यासाठीच. पण भेग नाही. देवाशपथ, भेग मी पाडली नाही."

"मग ती पाडतेय."

लिओकाडियाने त्याचा हात ओढून आपल्या हातावर ठेवला, जिथे नळ्या लावून लावून शीर दोरीसारखी फुगली होती. तिच्यातून रक्त थरथरत वाहत होतं. बोटांना ती थरथर जाणवायची आणि डेल्फिनोला ती फार प्रिय होती. रात्री अनेकदा तो नुसता तिथे हात ठेवून पडून राही.

"तुला वाटतं ती मला न्यायला आलीय," लिओकाडिया म्हणाली. "तसं नाही रे वेड्या. जायचं मी ठरवलंय. ती सोबतीला आलीय. मी कधी एकटी कुठे गेलेय का? शाळेत आई, बाजारात आई, मधुचंद्राला आई. मग तू. मला एकटीने जायची फार भीती वाटते, फिनो. तुला सांगितलं नव्हतं. तुला यायचं नाहीये माझ्याबरोबर, यायचं म्हणालास तरी मी येऊ देणार नाही. मग कोणी तरी हवं ना?"

डेल्फिनो रडला. आवाज न करता, मिशा भिजवत. ती त्याची पाठ थोपटत राहिली आणि मध्येच म्हणाली, "आणि तिचे गुडघे दुखतात. उभं नको करूस तिला."

सकाळी त्याने ग्राइंडर उचलला. एवढ्या रंगावर, महिन्यांच्या मेहनतीवर पातं टेकवताना गाड्या करणाऱ्या माणसाचा हात कसा होतो, ते तोच जाणे. उजव्या बाजूचं वेल्डिंग कापायला सगळा दिवस जाईल असा त्याचा हिशेब होता. पातं टेकलं मात्र, आणि जोड सुटत गेला, सकाळी पाव कापावा इतका सहज. वेल्डिंग त्याने स्वतःच्या हाताने केलं होतं, दोनदा तपासलं होतं. त्याने त्याचा विचार केला नाही. बिजागऱ्यांना तेल दिलं. जुनं हँडल खोक्यातून काढून बसवलं. रंगाला वेळ नव्हता, म्हणून दाराच्या कडा आणि अर्धा पत्रा नुसता राखाडी प्रायमरचा राहिला.

टेलेस्फोर आला, त्याने ते राखाडी दार पाहिलं, तोंड उघडलं, डेल्फिनोकडे पाहिलं आणि ते मिटलं. "छान झालीय," एवढंच म्हणून तो गेला.

७

गुड फ्रायडेला सकाळी ऊन पडलं होतं आणि वारा बोचरा होता. लिओकाडियाने आपली निळी शाल घेतली, केस विंचरले, ओठांना थोडा रंग लावला. डेल्फिनोने तिला हात देऊन पुढे बसवलं. मग तो मागच्या दाराशी गेला, ते उघडलं, आणि दारावर हात ठेवून उभा राहिला.

किती वेळ उभं राहायचं ते त्याला माहीत नव्हतं. पूर्वी माहीत होतं. शाल सावरायची, आधी पाठ टेकायची, मग एकेक पाय हाताने उचलून आत घ्यायचा. त्याने मनातल्या मनात तेवढा वेळ धरला. गाडी उजवीकडे किंचित दबली. स्प्रिंगा नव्या होत्या, बसायच्या होत्या अजून, असंही असेल. त्याने दार लावलं. ते नीट लागलं नाही. त्याने ते पुन्हा उघडून जोरात लावलं. लिओकाडियाने पुढे बघतच डोळे पुसले.

आरसा त्याने छताकडे वळवून ठेवला होता.

चिमायोचा रस्ता माणसांनी भरलेला होता. खोऱ्यातून, सांता फे शहरातून रात्रभर चालत आलेले लोक. कोणाच्या खांद्यावर लाकडी क्रूस, कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या पायात नुसते मोजे. क्लबाच्या गाड्याही ओळीने चालल्या होत्या, झगमगत्या, दोन दारांच्या. त्यांच्यामध्ये ही एक, राखाडी दाराची. कोणी हसलं नाही. कोणी हसलं असतं तरी डेल्फिनोला दिसलं नसतं.

टेकड्या लाल होऊ लागल्या तिथे लिओकाडिया म्हणाली, "थांब जरा."

"मळमळतंय? घरी जाऊ या का?"

"नाही रे. थांब तर."

त्याने गाडी कडेला घेतली. तो उतरून तिला हात द्यायला जाणार, तोवर ती स्वतःच उतरली होती. महिनोन्महिने हाताशिवाय खुर्चीतून न उठलेली बाई दार उघडून उभी राहिली, वाकून तिने आत त्याच्याकडे पाहिलं, आणि लग्नाच्या आधी आई बघत नसताना हसायची तसं हसली. मग पुढचं दार लावून ती मागे गेली.

मागचं दार उघडल्याचा आवाज झाला. "सरक ना जरा," ती म्हणाली. सीटचं कातडं करकरलं, आधी त्या टोकाला, मग या टोकाला. दार लागलं, एका झटक्यात.

डेल्फिनोचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. मान वळवली असती तर सगळं दिसलं असतं. आरसा बोटाने खाली केला असता तरी पुरे होतं. त्याने दोन्हीतलं काही केलं नाही. शेजारच्या रिकाम्या सीटवर तिच्या अंगाची ऊब अजून असेल असं वाटून त्याने तिथे हात ठेवला. होती.

"बसलात का नीट?" त्याने विचारलं. आवाज साधा ठेवायचा त्याने खूप प्रयत्न केला.

"बसलो," लिओकाडिया म्हणाली. "चल."

त्याने गाडी सुरू केली. मागे कुजबुज सुरू झाली होती. कोणाच्या तरी शेळीविषयी, एका चुलत मावशीच्या लग्नाविषयी, त्याने कधी न ऐकलेल्या नावांविषयी. लिओकाडियाचा आवाज ओळखू येत होता. तो हळूहळू हलका, लहान होत चालला होता, आणि मध्येच ती खुदकन हसली. एवढ्या वर्षांत त्याने तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. ते त्याच्या आधीचं होतं.

पुढच्या वळणावर देवळाचे मनोरे दिसू लागले. डेल्फिनोने ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडी अगदी पावलापावलाने चालू लागली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या, मग वळसा घालून निघून गेल्या. त्याने वेग वाढवला नाही. क्रूस घेतलेले, मुलं घेतलेले, लंगडणारे लोक एकेक करून खिडकीशेजारून जात होते आणि त्याच्या गाडीला मागे टाकत होते.